एक छप्पर, दोन चुली

घराची वाटणी झाली हे सांगताना मराठी माणूस भिंतीचं नाव घेत नाही, चुलीचं घेतो. चूल वेगळी झाली की बिऱ्हाड वेगळं झालं. भिंत मागाहून येते, कधी येतही नाही. इंग्लंडच्या किनाऱ्यावर साधारण १८९० ते १९१४ या काळात आर्ट्स अँड क्राफ्ट्स पद्धतीची जी मोठी घरं उभी राहिली, त्यांची दोन घरं करायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडखळतो तो याच ठिकाणी. तिथली चूल वाटता येत नाही. दिवाणखान्याच्या एका अंगाला शेकोटीचा खोल कोनाडा, आत दोन्ही बाजूंना बसायला बाक, वर अखंड ओकची तुळई, आणि सगळं घर त्या कोनाड्याभोवती रचलेलं. बिल्डरने दिलेल्या नकाशावर मात्र पहिली रेघ हमखास या दिवाणखान्याच्या मधोमध असते, कारण मोजपट्टीने घराचा मध्य तिथेच येतो.

आर्ट्स अँड क्राफ्ट्स ही चळवळ आपल्याला वाटते तितकी परकी नाही. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरची शिल्पं ज्याने निरखून पाहिली आहेत, त्याने तिचा हात पाहिला आहे. ती शिल्पकार लॉकवुड किपलिंगची. १८६५ पासून तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत होता. यंत्राने काढलेल्या नक्षीपेक्षा कारागिराच्या हाताला मान, आणि वस्तू कशी बनली आहे ते वस्तूनेच दाखवावं, हा आग्रह इथेही होता, तिथेही. घरबांधणीत त्याची सुरुवात चळवळीचा अध्वर्यू विल्यम मॉरिस याच्यासाठी आर्किटेक्ट फिलिप वेबने १८५९-६० मध्ये बांधलेल्या ‘रेड हाउस’पासून मानतात. ते घर किनाऱ्यावरचं नाही, पण वाटणीच्या विषयात त्याला टाळून पुढे जाता येत नाही. १८६४ मध्ये खुद्द वेबने त्याच घराला आणखी एक बाजू जोडून चित्रकार बर्न-जोन्सच्या कुटुंबासाठी दुसरं घर करण्याचे नकाशे काढले होते: मधे अंगण, दोन कुटुंबं दोन अंगांना. आजारपण आणि दुःख आडवं आलं, बर्न-जोन्सने माघार घेतली आणि पुढच्या वर्षी मॉरिसने ते घर सोडलं. पुढे १९५२ मध्ये ते विकत घेतलं गेलं तेव्हा त्यात दोन कुटुंबं एकत्र राहिली. ‘हे घर एकाच कुटुंबाचं, त्याला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना हे नकाशे दाखवावेत. वेबने दिवाणखाना कापला नाही, हेही त्याच नकाशांवर दाखवावं.

रेघ कुठे मारायची याचं उत्तर बहुतेक वेळा घरानेच देऊन ठेवलेलं असतं. या घरांना दोन बाजू असतात. पुढची मालकांची, समुद्राकडे किंवा दक्षिणेकडे तोंड केलेली. मागची नोकरांची: स्वयंपाकघर, भांडी घासायची मोरी, कोठीघर, वर लहान खोल्या आणि चढायला वेगळा, अरुंद, वळणाचा जिना. दोन्हींच्या मधे एक दार असे. त्याला मागच्या बाजूने हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ठोकलेली, भांड्यांचा आवाज आणि तळणाचा वास मालकांपर्यंत जाऊ नये म्हणून. हे दार सापडलं की रेघ सापडली. आवाज अडवायचा, वास अडवायचा, ये-जा वेगळी ठेवायची, ही तिन्ही कामं त्या जागी शंभर वर्षांपूर्वीच ठरवून केलेली आहेत. पाण्याचे नळ, सांडपाणी, धुराडं, दुसरा जिना आणि बाहेर पडायचं दारही मागच्या बाजूला आधीपासून आहे. पुढच्या घराला नवं स्वयंपाकघर लागतं. ते जेवणघराच्या शेजारच्या भांडीघरात बसवता येतं, कारण तिथे नळ असतोच.

अर्थात यात दोन घरं सारखी होत नाहीत. एक मोठं आणि उजेडाचं, दुसरं लहान आणि उत्तरेकडे तोंड केलेलं. निम्मंनिम्म करण्याच्या हट्टापायी जितकी चांगली घरं बिघडली, तितकी पैशांच्या तंगीने बिघडली नसावीत असं माझं मत आहे. किंमत वेगळी ठेवावी, घर कापू नये.

फुलपाखरासारखा पसरलेला आराखडा असेल तर मोह फार होतो. एक्समथचं ‘द बार्न’ (१८९६) आणि नॉरफोकमध्ये केलिंगजवळचं व्होवुड, दोन्ही आर्किटेक्ट ई. एस. प्रायरची. डेटमार ब्लोने हॅपिसबर्गला १९०० मध्ये बांधलेलं घरही त्याच जातीचं. तिरके पंख मधल्या भागातून फुटतात, ऊन आणि समुद्र दोन्ही धरायला. नकाशात पाहिलं की वाटतं, डावे पंख एकाला, उजवे दुसऱ्याला. पण जोड आहे तो मधला दिवाणखाना. तो एकाला दिला तर दुसऱ्याचे पंख एकमेकांना जोडलेच जात नाहीत, आणि दोघांना दिला तर तो दिवाणखाना राहत नाही. अशा घरात एकच पंख तोडून वेगळा करावा, तोही बहुधा स्वयंपाकघराचा.

आडवी वाटणी, म्हणजे खाली एक घर आणि वर दुसरं, या घरांना मुळीच मानवत नाही. कारण साधं आहे: छत. व्हॉयसीसारख्या आर्किटेक्टला बुटक्या खोल्या आवडत. आठ फुटांच्या आसपास छत, वळचण खाली ओढलेली, खिडक्यांची रांग छताला टेकलेली. इंग्लंडच्या बांधकाम-नियमांप्रमाणे एका घराची दोन करताना मधल्या जमिनीने हवेतला आवाज किमान ४३ डेसिबल अडवला पाहिजे आणि पावलांचा आवाज ६४ डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्यासाठीची खात्रीची पद्धत म्हणजे जुन्या छताखाली स्वतंत्र तुळयांवर दुसरं छत: प्लास्टरबोर्डचे दोन थर, सांधे एकावर एक न येऊ देता, दर चौरस मीटरला किमान २० किलो वजन, आणि वर १०० मिलिमीटर खनिज लोकर. सगळं धरून दीडशे ते दोनशे मिलिमीटर उंची जाते. मग खिडकीची वरची चौकट नव्या छतात बुडते, उघड्या तुळया झाकल्या जातात, आणि परवानगी देणारा अधिकारी पहिल्याच बैठकीत मान हलवतो. वरून जमीन उचलायची म्हटलं तर जिन्याची शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होते, आणि अंधारात पाय तिथेच अडखळतो.

उभी वाटणी केली तरी भिंतीचं काम उरतंच. खालच्या मजल्यावर बनातीच्या दाराची भिंत बहुधा नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली असते. ती पुष्कळदा आवाजाच्या परीक्षेत उतरते. वर मात्र तीच भिंत अनेकदा विटांची नसते: लाकडी चौकटीवर पातळ पट्ट्या आणि त्यावर चुना. तिथे आवाजही जातो आणि आगही. अशा भिंतीला हात न लावता स्वतंत्र अस्तर उभं करावं. चौकट जुन्या भिंतीपासून निदान १० मिलिमीटर सुटी, आत लोकर निदान ३५ मिलिमीटर, बाहेर दोन थर बोर्ड. अस्तर एकाच बाजूला पुरत असेल तर ते लहान घराच्या बाजूला घ्यावं, कारण नक्षीदार लाकडी फळ्या आणि कोरीव पट्ट्या सहसा मोठ्या घराच्या बाजूला असतात. या भिंतीने ६० मिनिटं आगही अडवली पाहिजे.

परीक्षेत नापास होण्याचं खरं कारण मात्र क्वचितच भिंत असते. तुळया एका घरातून दुसऱ्या घरात सलग गेलेल्या असतात. जमिनीच्या फळ्याही भिंतीखालून सलग. आणि पोटमाळ्यात भिंत छतापर्यंत पोहोचलेलीच नसते, छातीभर उंचीवर थांबलेली असते. खाली हजारो पौंड खर्चून वरून रस्ता मोकळा. भिंत थेट पाटीच्या दगडांच्या पोटापर्यंत न्यावी, वासे जिथून आरपार जातात तिथल्या फटी लोकरीने ठासून भराव्यात, आणि फळ्या भिंतीच्या रेषेवर कापून मधे फट ठेवावी. आवाजाची पहिली चाचणी शेवटी नव्हे, अस्तर लावण्यापूर्वी एकदा करून घ्यावी. तेव्हा दोष शोधायला फळी उचलावी लागते. नंतर रंगवलेली भिंत फोडावी लागते.

छपराचा प्रश्न सुतारापेक्षा वकिलाचा जास्त आहे. सॉमरसेटमधल्या वॉलफर्ड हाउस या घराची १९६० मध्ये दोन घरं झाली: मोठं घर आणि कॉटेज. मोठ्या घराच्या छपराचा एक भाग कॉटेजच्या झोपायच्या खोलीवर आला होता. मोठ्या घराने ते छप्पर वारा-पाण्यापासून नीट राखायचं, असं खरेदीखतात लिहून दिलं. पुढे दोन्ही घरांचे मालक बदलले, छप्पर गळू लागलं आणि भांडण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं. १९९४ चा तो ‘रोन विरुद्ध स्टीव्हन्स’ निकाल. फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीच्या, जमिनीवर ‘अमुक करीन’ असा खर्चाचा शब्द मूळ मालकाला बांधतो, पुढच्या मालकाला बांधत नाही, असं लॉर्ड्सनी सांगितलं आणि कॉटेजवाले हरले. आपल्या कोकणात वाटणी झालेल्या घराचं आढं एक आणि शाकारणी दोघांची असली की पावसाळ्याच्या तोंडावर जे होतं, तेच हे. तिथे फक्त त्याला लॉर्ड लागले.

म्हणून रेघ मारताना खाली पाहून मारू नये, वर पाहून मारावी. दोन छपरांचे उतार जिथे मिळतात, त्या शिशाच्या पन्हळीवर किंवा मागची बाजू जिथे बुटकी होऊन वेगळं छप्पर घेते तिथे हद्द आणावी. एखादी खोली दुसऱ्याच्या खोलीवर चढत असेल तर त्याला तिकडे ‘फ्लाइंग फ्रीहोल्ड’ म्हणतात, आणि कर्ज देणाऱ्या बँका असं घर पाहून मागे सरतात. पाच-सहा चौरस मीटरची ती खोली खालच्याला देऊन टाकलेली परवडते. तसं जमणारच नसेल तर दोघांच्या मालकीची एक कंपनी काढून जमीन आणि छप्पर तिच्या नावे करावं आणि दोन्ही घरं लांब मुदतीच्या लीजवर ठेवावीत. लीजमध्ये खर्चाचा शब्द पुढच्यालाही बांधतो. विमा संपूर्ण इमारतीचा एकच असावा.

धुराड्यांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं आणि जिवावर बेतू शकेल अशी चूक तिथेच होते. बाहेरून एकच रुंद धुराडं दिसतं, पण आत चार-पाच नळ्या असतात आणि दोन नळ्यांमधली भिंत अर्ध्या विटेची. शंभर वर्षांच्या काजळीने आणि आम्लाने तिच्यातला चुना खाल्लेला असतो. वाटणी झाली की एका घराची शेकोटी आणि दुसऱ्या घराच्या झोपायच्या खोलीची बंद नळी शेजारी-शेजारी येतात, आणि कार्बन मोनॉक्साइड फटीतून पलीकडे जातो. प्रत्येक नळी धुराची गोळी पेटवून वेगवेगळी तपासावी. पलीकडच्या प्रत्येक खोलीत तेव्हा माणूस उभा हवा. वापरातल्या नळीला अस्तर घालावं. बंद केलेल्या नळीला खाली जाळी आणि वर टोपी ठेवून हवा खेळती ठेवावी. दोन्ही टोकं बुजवली तर आत दमटपणा कोंडतो आणि छातीएवढ्या उंचीवर तपकिरी डाग उमटतात. मग लोक ते डाग समुद्राच्या माथी मारतात.

आगीच्या नियमात एक बारीक अडचण खिडक्यांची. वरच्या मजल्यावरून निसटण्यासाठी जी खिडकी धरतात तिचं उघडणारं भोक ०.३३ चौरस मीटर हवं, आणि रुंदी किंवा उंची ४५० मिलिमीटरच्या खाली चालत नाही. दगडी दांड्यांमधल्या या चिंचोळ्या लोखंडी झडपा पुष्कळदा चारशेच्या आतच असतात. मोठ्या घरात दोन जिन्यांपैकी एक तरी हाताशी असे. वाटणीनंतर प्रत्येकाला एकच. त्यामुळे खिडकी मोजल्याशिवाय झोपायची खोली ठरवू नये. पोटमाळ्यावरची नोकरांची खोली वापरात ठेवायची तर मागचा जिना खालपासून बाहेरच्या दारापर्यंत ३० मिनिटं आग अडवणाऱ्या भिंतींनी बंदिस्त करावा लागतो. जुनी फळ्यांची दारं त्यासाठी फेकून द्यायची गरज नाही; उष्णतेने फुगणारा रंग आणि कडेला फुगणारी पट्टी लावून ती बहुधा चालवून घेता येतात.

आता समुद्र. या घरांचा पांढरा, खरखरीत गिलावा पाहून कोणीही सांगतो की तो चुन्याचा आहे, सिमेंट दिसलं की खरवडून काढा. थांबावं. व्हॉयसीच्या भिंती पुष्कळदा नऊ इंची विटांच्या, वर सिमेंटचाच गिलावा, आणि पातळ भिंतीला आधार म्हणून ते प्रसिद्ध तिरके टेकू. ते टेकू शोभेचे नाहीत, काटकसरीचे आहेत. त्यामुळे आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. मूळ सिमेंट असेल आणि घट्ट असेल तर राहू द्यावं. मधल्या काळात कुणी चुन्यावर सिमेंटचं ठिगळ लावलं असेल तर मात्र तेच काढायचं: त्याच्या कडेने केसासारखी भेग पडते, वादळात पाणी आत शिरतं, सिमेंटमागे अडकतं, आणि मीठ आतल्या बाजूने फुलून रंग पाडतं. दुरुस्तीला ३.५ दर्जाचा हायड्रॉलिक चुना, एका भागाला अडीच भाग धुतलेली टोकदार वाळू. किनाऱ्यावरची वाळू कधीच नाही. थर आठ-दहा मिलिमीटरचा, भिंत आधी भिजवून. शेवटचा थर वाटाण्याएवढी खडी चुन्यातच कालवून थापीने भिंतीवर फेकायचा. थापून गुळगुळीत केला तर तो दुसऱ्याच घराचा दिसतो. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम सुरू करू नये, आणि वाऱ्यात ओल्या गोणपाटाशिवाय ठेवू नये. आमच्याकडे चुना उन्हात करपतो, तिकडे वाऱ्यात.

लोखंडी झडपांचं दुखणं वेगळं. खारी हवा, दगडात ओतलेली लोखंडी टोकं आणि गंज. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट होतं आणि तो आतूनच दगड फोडतो. कोपऱ्यातला दगड पापुद्र्यासारखा सुटला असेल तर रंग मारून उपयोग नाही: चौकट काढावी, गंजलेली टोकं कापून स्टेनलेस स्टीलची जोडावीत, जस्ताचा मुलामा करून परत बसवावी. शिशाच्या पट्ट्यांतली जुनी काच किंचित लहरी असते, ती त्याच जागी राहावी. आवाजासाठी आणि थंडीसाठी आतून दुसरी काच लावता येते, स्क्रूने, परत काढता येईल अशी.

परवानग्यांचं थोडक्यात. एका घराची दोन करणं हे इंग्लंडच्या कायद्यात जमिनीच्या वापरातला बदल मानलं जातं, त्यामुळे आत फक्त एक दार बंद करायचं असलं तरी नियोजनाची परवानगी लागते. घर वारसा-यादीत असेल तर तिची वेगळी परवानगी. तिच्याशिवाय केलेलं काम हा फौजदारी गुन्हा आहे. छपरात वटवाघळं असण्याची शक्यता मोठी. त्यांना कायद्याचं संरक्षण आहे, आणि ती बाहेर पडतात का याची पाहणी मे ते सप्टेंबर या महिन्यांतच होते. ऑक्टोबरमध्ये घर विकत घेतलं तर पुढचा उन्हाळा येईपर्यंत छपराला हात लागत नाही. कराची एक सवलत मात्र आवर्जून घ्यावी: घरांची संख्या बदलणाऱ्या रूपांतराला २० ऐवजी ५ टक्के व्हॅट. ती ठेकेदाराच्या मजुरीवर आणि त्याने आणलेल्या सामानावर मिळते, आर्किटेक्टच्या फीवर नाही, आणि ठेकेदाराला आधी सांगावं लागतं. गावापासून दूर असलेल्या घराचं सांडपाणी जुन्या सेप्टिक टाकीतून थेट ओढ्यात जात असेल तर २०२० पासून ते चालत नाही. दोन घरांना पुरेल असं शुद्धीकरण यंत्र किंवा जमिनीत मुरवण्याची चर हवी.

आणि या सगळ्याच्या आधी, म्हणजे नकाशालाही हात लावण्याच्या आधी, किनाऱ्याचा आराखडा पाहावा. इंग्लंडच्या प्रत्येक किनारपट्टीसाठी पुढच्या शंभर वर्षांचं धोरण तीन टप्प्यांत ठरलेलं आहे: कुठे किनारा राखायचा, कुठे मागे घ्यायचा, कुठे काहीच करायचं नाही. हॅपिसबर्गला कडा कोसळून घरं गेली आहेत. ‘काहीच करायचं नाही’ अशा पट्ट्यातलं घर एका कुटुंबाने हौसेने राखणं समजू शकतं. त्याची दोन घरं करून दुसरं विकणं म्हणजे ढासळत्या जमिनीचं गिऱ्हाईक शोधणं.

बागेत भिंत घालू नये. कुंपणासाठी खारं वारं सोसणारी झुडपं पुष्कळ आहेत, एस्कलोनिया किंवा टॅमरिस्क, आणि ती दोन-तीन वर्षांत माणसाच्या खांद्याला लागतात.

दाराचा प्रश्न शेवटी येतो आणि सगळ्यात जास्त वाद घालतो. केंटमध्ये सँडगेटला व्हॉयसीने लेखक एच. जी. वेल्ससाठी १९०१ मध्ये घर बांधलं. व्हॉयसी आपल्या घरांच्या दारांवर, बिजागऱ्यांवर बदामाचा आकार घालत असे. वेल्सला पत्रपेटीच्या झाकणावर तो नको होता. शेवटी बदाम उलटा करून इस्पिक झालं, आणि घराचं नाव पडलं ‘स्पेड हाउस’. मागच्या घराला नवं दर्शनी दार देताना लोक मूळ दाराची नक्कल करतात, तोच बदाम, तीच लांब बिजागरी. मग टपालवाला गोंधळतो, आणि अधिकारीही नाखूश असतो, कारण शंभर वर्षांनी पाहणाऱ्याला जुनं कुठलं आणि नवं कुठलं कळणार नाही. मागचं दार मुळात साध्या उभ्या फळ्यांचं असतं. ते तसंच ठेवावं, वर पावसाला पुरेल इतकी पडवी काढावी, आणि पितळी पट्टीवर दुसरा क्रमांक.

राहिलं ते बनातीचं दार. ते काढू नये, विटांनी बुजवूही नये. चौकटीसह जागच्या जागी बंद करून, मोठ्या घराच्या बाजूने दिसतं तसं राहू द्यावं. मागे ५० मिलिमीटर मोकळी जागा, मग चौकट, लोकर आणि दोन थर बोर्ड, सगळं स्क्रूवर. पुढेमागे कुणी दोन्ही घरं घेतलीच तर एका दिवसात उघडता आलं पाहिजे. बोर्डच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख आणि काय काय बसवलं ते लिहून ठेवावं. कुलपाची किल्ली मात्र मोठ्या घराच्या कागदपत्रांत ठेवावी. भिंतीत ठेवली तर त्या हवेत दहा वर्षांत तिचा गंजाचा गोळा होतो.